मोताळ्याचा बस्ता

गाठ सुटली आणि आधी वास आला. जुन्या कागदाचा वास भगवंतरावांच्या ओळखीचा होता. बरेच दिवस घडी घालून ठेवलेली घोंगडी उलगडली की येतो तसा, थोडा कोंदट, थोडा उबदार, आणि खरं तर तो त्यांना आवडतही असे. हा तो नव्हता. हा तेलकट बोटांचा वास होता, शेंगांच्या टरफलांचा, फडक्यात बांधून विसरलेल्या भाकरीचा. मोताळ्याच्या शाळेच्या कागदांचा बस्ता होता तो; त्याचं लाल खारव्याचं कापड त्यांनी चारी बाजूंनी उलगडलं. आत दोन पुठ्ठे होते, त्यांनी स्वतः भोकं पाडलेले, आणि पुठ्ठ्यांच्या मधे वर्तमानपत्रं होती. फुलस्केप कागदाच्या मापाच्या नीट घड्या घातलेली. केसांच्या तेलाची जाहिरात, कुठल्याशा कुस्त्यांच्या दंगलीची बातमी, निवडणुकीतल्या एका उमेदवाराचं अर्धं तोंड. आणि मधोमध, तान्हं पोर दुपट्यात गुंडाळावं तसा, कागदात गुंडाळलेला विटेचा तुकडा. त्यांनी तो उचलला आणि लगेच खाली ठेवला. बोटांना काहीतरी चिकट लागलं. पानांच्या कोपऱ्यांवर काळपट डाग होते, थुंकी लावून लावून पान उलटलं की पडतात तसे. म्हणजे इथे बांधण्याआधी ही वर्तमानपत्रं कोणीतरी सावकाश, सुपारी चघळत वाचली होती.  भगवंतरावांनी बोटं धोतराला पुसायला नेली, आणि धोतरालाही लागेल म्हणून हात तसाच अधांतरी धरून ते मांडण्यांच्या आडोशाला उभे राहिले.

मांडण्यांच्या पलीकडे, दाराबाहेरच्या बाकावर सरस्वतीबाई बसल्या होत्या आणि त्यांच्याजवळ ती मुलगी. सरस्वतीबाई जिल्हाभर शाळा चालवणाऱ्या मंडळाच्या मोताळ्याच्या शाळेत शिकवीत. एकेकाळी भगवंतरावांनी त्याच शाळेत शिकवलं होतं, त्यामुळे दोघांत एक जुनी, न बोलता चालणारी ओळख होती. मुलगी रुख्मिणी, मोताळ्याच्या उकंडराव माळ्याची. वांगी-मिरचीचा मळा असलेलं घर. सातवीची फायनल पास झाली होती, आणि बुलढाण्याला मुलींसाठी जे अध्यापन विद्यालय निघालं होतं तिथे तिचं नाव लागायचं होतं. आज शेवटचा दिवस, पाच वाजता खिडकी बंद. मूळ प्रमाणपत्र हातात पाहिल्याशिवाय नाव लिहायचं नाही असं तिथल्या बाईंनी बजावलं होतं. गेल्या वर्षी कोणी खोट्या नकला आणल्या होत्या म्हणे. मूळ कागद मंडळाच्या दप्तरात, आणि दप्तर इथे बुलढाण्यालाच, म्हणून दोघी मोताळ्यात न विचारता सरळ इथे आल्या होत्या. सरस्वतीबाईंनी हे सगळं शांतपणे सांगितलं होतं, आणि मग मुलगी पाणी प्यायला उठली तेवढ्यात आवाज उतरवून उरलेलं सांगितलं. उकंडराव म्हणाला होता, कालेजात नाव लागलं तं शिक, नाही तं दुसरबीडचं स्थळ हाये, हायवेवर दुकान हाये त्याइचं. स्थळवाले या आठवड्यात यायचे होते. भगवंतराव हसले होते. मुलांच्या बाबतीत काही बिघडण्याआधी आपण हाताशी आहोत याचं ते जुनं, शाळेतलं समाधान त्यांना वाटलं होतं. बसा बाई, पाणी प्या, तेवढ्यात कागद येतो, असं ते म्हणाले होते. तेवढ्यात. हा शब्द आता त्यांच्या जिभेवर शिळ्या पानासारखा येऊन बसला.

दप्तर असं एके ठिकाणी आणावं हे ठरलं वरवट बकालच्या वाळवीमुळे. मंडळाच्या शाळा जिल्ह्यात जागोजाग, प्रत्येक मोठ्या गावी एक शाखा, शाखेत एक कारकून आणि एक लाकडी पेटी. वरवट बकालची पेटी उघडली तेव्हा भगवंतराव तिथे होते. वरचा कागद चांगला होता. त्यांनी तो उचलला आणि खाली सगळी माती होती. कागदाच्या मापाची, कागदासारखे थर असलेली, ओलसर, आणि तिच्यातून पांढरे किडे हळूहळू, कसलीही घाई नसल्यासारखे, बाजूला सरत होते. एका गावातल्या मुलांची शिकल्याची सगळी खूण त्या किड्यांच्या पोटात गेली होती. तेव्हा त्यांना भडभडून आलं होतं, पण त्या भडभडण्यात एक जोर होता. आता काहीतरी करायचं असा. मंडळाचे सेक्रेटरी रामराव वकील यांनी त्यांचं अक्षर पाहून त्यांना शाळेतून काढून इथे आणलं आणि हे दगडी भिंतींचं, फरशीचं दालन त्यांच्या हवाली केलं. सगळ्या शाखांचे मूळ कागद इथे राहायचे. शाखेला कागद लागला की तिने मागणी धाडायची, बुधवारच्या एस.टी.ने बस्ता तिकडे जायचा, शनिवारच्या एस.टी.ने परत यायचा. कागद सुरक्षितही राहील आणि गावाला वेळेवर मिळेलही. भगवंतरावांनी या कामात जीव ओतला. वर्ग शिकवावा तसं त्यांनी शाखांच्या कारकुनांना शिकवलं. पाटी थुंकीने पुसणाऱ्या पोरांना ते कधी रागावत नसत. ओलं फडकं टिनाच्या डबीत घालून देत, आणि दुसऱ्या दिवशी डबी कोरडी आली की पुन्हा ओली करून देत. तसेच त्यांनी प्रत्येक शाखेला काचेच्या वाटीत स्पंज दिले, बोट ओलं करायचं तर यात करा म्हणून. पोरांना दप्तर बांधायला शिकवलेली गाठ, दोन वेढे, एक फास आणि टोक आत, तीच त्यांनी बस्त्याला लावली. ती नुसती ओढून सुटत नाही आणि प्रवासात ढिलीही होत नाही. आणि परत आलेला बस्ता दर वेळी उलगडून पानन् पान मोजण्यात दिवस जाईल, कागदही झिजेल, म्हणून दाराशी एक तागडी टांगली. जाताना वजन चिठ्ठीवर लिहायचं, येताना ताडून पाहायचं. वजन तेच, गाठ तीच, की बस्ता मांडणीवर. मुंबईहून आलेल्या एका पाहुण्याने ही तागडी पाहून मान डोलावली होती. उद्या सकाळी दुसऱ्या जिल्ह्यातल्या शिक्षणसंस्थांची माणसं हे दप्तर पाहायला येणार होती. म्हणूनच शिपाई रंगराव पहाटेपासून फरशी धूत होता, आणि फिनाइलच्या वासाखाली आता हा दुसरा वास दबून, पण मरून न जाता, रेंगाळत होता.

रामराव आत आले ते हातात छडी घेऊन, उद्याच्या तयारीवर नजर टाकायला. भगवंतरावांनी टेबलाकडे हात केला. रामरावांनी वाकून पाहिलं, विटेचा तुकडा छडीने ढकलला, आणि भगवंतराव ज्याची वाट पाहत होते ते काहीच त्यांच्या चेहऱ्यावर आलं नाही. त्यांनी जिभेला बोट लावलं आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं. मग आणखी एक. ही दंगल आपण पाहिली होती, खामगावची, कुस्ती खोटी होती लेका सगळी, असं सांगून ते हसले. भगवंतराव त्या बोटाकडे पाहत होते. आधीच कोणाची तरी वाळलेली थुंकी असलेल्या कोपऱ्यावर रामरावांचं ओलं बोट टेकलं, पुन्हा जिभेकडे गेलं, पुन्हा कोपऱ्यावर आलं. मग रामराव सरळ झाले आणि बोलले ते कामाचं बोलले. मुलीला मंडळाच्या कागदावर लिहून द्या, मूळ प्रत आमच्या दप्तरात सुरक्षित आहे म्हणून, शिक्का मारा. भगवंतरावांनी सांगितलं की तिथे मूळ कागदच लागतो, आणि तो इथे नाही. रामरावांनी खांदे उडवले.

“मंग मोताळ्याला असंल. कागद कुठंतरी असल्याशी मतलब, गुरुजी. हे बांधून टाका पयले, उद्या लोक येऊन राह्यले.”

ते गेल्यावर भगवंतरावांना जाणवलं, रामराव चकित झाले नाहीत याची आपल्याला जास्त किळस आली आहे. वर्तमानपत्रांची किळस बोटांपुरती होती, ही पुसून जाणारी नव्हती. त्यांनी मांडणीवरून वरवट बकालचा बस्ता काढला. जो कीड लागल्यानंतर पुन्हा गावोगाव हिंडून, नकला जमवून, त्यांनी स्वतः उभा केला होता तो. गाठ सोडली. वर्तमानपत्रं. त्यांनी दुसरबीडच्या बस्त्यावर हात ठेवला. बाहेरून तो जरा फुगीर होता, दाबल्यावर आत काहीतरी कुरकुरलं. तो त्यांनी सोडला नाही. हात काढून घेतला.

मोताळ्याकडे निघालेली एस.टी. राजूरच्या घाटाला लागली तेव्हा ऊन चढलं होतं. पाऊस लांबला होता, डोंगरातली झाडं काटक्यांसारखी उभी होती आणि वळणावळणावर गाडीचं इंजिन गुरगुरत होतं. सरस्वतीबाई आणि रुख्मिणी पुढच्या बाकावर होत्या, भगवंतराव मागे. त्यांनी बाईंना खरं सांगितलं होतं, म्हणजे अर्धं. कागद मोताळ्यालाच राहिला आहे म्हणून. बाईंनी लगेच छत्री उचलली होती. शेजारी बसलेल्या माणसाने पिशवीतून हरभरे काढून खायला सुरुवात केली. सालं त्याच्या ओठावर चिकटत, तो ती जिभेने सोडवी आणि खाली थुंके. भगवंतरावांनी तोंड खिडकीकडे केलं. पोरं असंच करायची, त्यांना आठवलं. शेंगा खाऊन टरफलं बाकाखाली टाकायची, नाक बाहीला पुसायची, शाई सांडली की तळव्याने पुसून तळवा भिंतीला लावायची. भिंतीवर निळे तळवे दिसायचे. त्यांना कधी किळस आली नव्हती. पोरांचं सगळं धुवून निघतं असं त्यांना वाटायचं. आज थुंकीने पाटी पुसणारं पोर उद्या डबी ओली करून आणतं. शिकवणं म्हणजे तेवढंच, उद्यावर विश्वास ठेवून डबी पुन्हा ओली करणं. मग हे कुठे चुकलं. मोताळ्याचा कारकून शालिग्राम त्यांचाच विद्यार्थी होता. बारीक मानेचा, पहिल्या बाकावरचा, सांगितलं ते तंतोतंत करणारा पोरगा. दप्तराची गाठ सगळ्या वर्गात आधी त्याला जमली होती. ती गाठ आज सकाळी आपण सोडली, आणि सोडताना क्षणभर आपल्याला अभिमान वाटला होता, काय घट्ट, काय नेटकी बांधतो पोरगा. हे आठवलं आणि त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं, उलटी येण्याआधी सुटतं तसं. त्यांनी ते गिळलं. रुख्मिणी मान वळवून पाहत होती. तिने ओढणीच्या टोकाची गाठ सोडून आवळ्याची वाळलेली फोड काढली आणि मागे धरली.

“घ्या गुरुजी. घाटात मायलेही असंच होते.”

तिच्या बोटांना माती होती, नखांत हिरवं. भगवंतरावांनी फोड घेतली आणि सरळ तोंडात टाकली. तिची त्यांना किळस आली नाही, आणि आली नाही म्हणून फार बरं वाटलं.

शाखा म्हणजे शाळेच्या कडेची एक खोली. शालिग्राम खुर्चीत उकिडवा बसून चहा पीत होता. गुरुजींना पाहून तो उठला, बशी ठेवली, वाकून पाया पडला. त्याचं ते वाकणं खरं होतं. टेबलावर काचेची वाटी होती, त्यांनी दिलेली. तिच्यात चुना कालवलेला होता. स्पंज कोपऱ्यात पाण्याच्या माठाखाली होता, माठ डुगडुगू नये म्हणून. भगवंतरावांनी विचारलं, पोरीचं प्रमाणपत्र कुठे आहे. शालिग्रामने एकदा त्यांच्याकडे, एकदा रुख्मिणीकडे पाहिलं, आणि न लाजता, न घाबरता, बाकाखालून गोडेतेलाचे रिकामे डबे ओढले. तोंडं कापलेले, आत निंबाचा पाला घातलेले. डब्यांच्या आतल्या अंगाला तेल पिवळं होऊन चिकटलं होतं आणि त्यावर मुंग्या मेल्या होत्या. कागद उभे खोचलेले होते, गाठ नाही, पुठ्ठा नाही. शालिग्रामने अंगठा जिभेला लावला, पानं फर्रकन मागे टाकली, आणि चहाची वाफ जिरायच्या आत कागद बाहेर काढला. सरस्वतीबाईंनी सोडलेला श्वास खोलीभर ऐकू गेला.

कागदाच्या एका कोपऱ्यात तेल झिरपून तो पारदर्शक झाला होता. खालून शालिग्रामचा अंगठा दिसत होता. वर कपाची गोल खूण. नाव, गाव, शिक्का मात्र स्वच्छ. भगवंतरावांनी कागद रुख्मिणीच्या हातात दिला, तिला बाईंबरोबर बाहेर थांबायला सांगितलं आणि मग शालिग्रामकडे वळले. त्यांना रागवायचं होतं. वर्गात ते कधी रागावले नव्हते, आणि आता या वयात ते जमेना. आवाज निघाला तो विचारणाऱ्याचा निघाला. काऊन केलं बे असं, त्यांनी विचारलं.

शालिग्राम नखाने डब्याचा पत्रा खरवडू लागला. मग त्याने सांगितलं, तक्रार न करता, धडा म्हणून दाखवावा तसं. पहिल्या वर्षी तो मागण्या धाडायचा. बुधवारची गाडी कधी बस्ता न घेता यायची, कधी बस्ता मलकापूरला उतरून पडायचा, कधी रामराव वकिलांच्या सहीवाचून बुलढाण्यालाच राहायचा. इथे दारात लोक बसायचे, रोज यायचे. एका पोराची फौजेतली भरती गेली. त्याच्या बापाने शालिग्रामला काही म्हटलं नाही, नुसता रोज येऊन बाकावर बसायचा. भरती होऊन गेली तरी बसायचा. त्यानंतर आलेल्या बस्त्यातले कागद शालिग्रामने परत केले नाहीत.

“तुमाले काय सांगू, गुरुजी? तुम्ही वजन पाह्यता अन् गाठ पाह्यता. मी दोन्ही बराबर दिलं.”

“आणि बाकीचे?”

“वरवट बकालवाल्यानंच तं शिकोलं मले. दुसरबीडवाला टरफलं भरते. रद्दीले भाव हाये म्हणते, फुकट काऊन द्या बुलढाण्याले.”

आणि तो हसला. पहिल्या बाकावरचं ते हसू, उत्तर बरोबर आलं की यायचं ते. भगवंतरावांना वाटलं, आता खरंच उलटी होणार. पण झालं काहीच नाही. डब्यांतून तेलाचा खवट वास येत होता, चुन्याच्या वाटीवर माशी बसली होती, आणि या सगळ्या घाणीत मोताळ्याच्या पोरांचे कागद जिवंत होते, हात घातला की सापडणारे. तिकडे धुतलेल्या फरशीवर, दगडी भिंतीत, लाल कापडात, रांगेने, काही नव्हतं. किळस नेमकी कशाची यायला हवी तेच त्यांना कळेनासं झालं. ती होती, अंगभर होती, पण तिला टेकायला जागा मिळत नव्हती. ती शालिग्रामवर जायची, रामरावांच्या जिभेवर जायची, तागडीवर जायची, आणि फिरून त्यांच्याच घशात येऊन बसायची. निघताना शालिग्राम पुन्हा पाया पडला आणि खालच्या आवाजात विचारलं, डबे न्यायला गाडी पाठवाल का गुरुजी. भगवंतराव डब्यांकडे एकदा पाहून बाहेर पडले.

परतीची गाडी भरून आली. तिघंही उभी राहिली. रुख्मिणीने कागद घडी न घालता दोन्ही हातांत छातीशी धरला होता, त्यामुळे तिला दांडी धरता येत नव्हती. वळण आलं की ती सरस्वतीबाईंवर कलायची आणि बाई पाय रोवून तिला पेलायच्या. घाटात मधेच इंजिन तापलं. ड्रायव्हर उतरला, क्लीनरने पाणी घातलं, लोक झाडाखाली जाऊन बसले. भगवंतराव रस्त्यात उभे राहून उघड्या बॉनेटकडे पाहत राहिले. त्यांना त्या फौजेच्या पोराचा बाप दिसत होता, ज्याला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. बाकावर बसलेला. त्या दिवशी आपण काय करत होतो? बहुधा पुठ्ठ्याला भोकं पाडत होतो. नीट, एका रेषेत. पाण्याने वाफेचा लोट सोडला, गाडी पुन्हा गुरगुरली, आणि रुख्मिणी सर्वांच्या आधी पायरीवर चढली.

विद्यालयाची खिडकी अजून उघडी होती, पण आतला कारकून शाईच्या दौतीला बूच लावत होता. सरस्वतीबाईंनी छत्रीची मूठ खिडकीत घातली आणि ती तिथेच राहू दिली. मुख्य बाई आल्या. त्यांनी तो कागद दोन नखांत कोपऱ्याला धरून उचलला, मेलेलं पाखरू धरतात तसा, आणि उजेडाकडे केला. तेलाच्या डागातून खिडकीचे गज दिसले. हे काय आहे, त्यांनी विचारलं. रुख्मिणी म्हणाली, तेल. कशाचं, बाईंनी विचारलं. भुईमुगाचं असंल जी, रुख्मिणी म्हणाली, आणि कारकून हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी नाव वाचलं, शिक्का वाचला, कागद टेबलावर ठेवून रुमालाने नखं पुसली आणि कारकुनाला मान हलवली. त्याने दौतीचं बूच काढलं. रुख्मिणी उकंडराव, मोताळा. लिहिताना टाक करकरला, आणि सरस्वतीबाईंनी डोळ्यांना पदर न लावता नुसतं आकाशाकडे पाहिलं, पाऊस येतो का पाहावं तसं. मग त्यांनी खिडकीतली छत्री काढून घेतली.

बाहेर चिंचेखाली रुख्मिणीने तो कागद भगवंतरावांपुढे धरला. बाईंनी तिला शिकवलेलं असणार. मूळ कागद मंडळाच्या दप्तरात जमा होतो. कागद ओल्या पानासारखा लवत होता. भगवंतरावांनी हात पुढे केला नाही. हा कागद आता मोताळ्याच्या डब्यात जाणार नाही आणि बुलढाण्याच्या दप्तरातही येणार नाही, तुझ्या घरी राहील, असं त्यांनी तिला सांगितलं. ट्रंकेत सपाट ठेव, वर निंबाचा पाला, चुलीच्या भिंतीला लागून ठेवू नको. सरस्वतीबाईंनी चमकून पाहिलं, मग पाहिलंच नाही असं केलं. रुख्मिणीने कागद परत छातीशी घेतला. ती विचारात पडली. फळ्यावर मांडलेलं गणित समजलं आहे आणि तरी एक पायरी राहिली आहे, असा चेहरा भगवंतरावांनी किती वर्षांत पाहिला नव्हता.

“मंग तुमच्यापाशी काय राह्यते जी?”

तिने ते सरळ विचारलं होतं. टोमणा मारायचं तिचं वय नव्हतं. भगवंतरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि, बाई, हिची शेवटची गाडी चुकेल, असं म्हणून ते वळले.

दिवेलागण व्हायची होती. दालनात रंगरावाने फरशीवर रांगोळी काढून ठेवली होती, तागडी चिंचेने घासली होती. तिची पितळी पारडी लखलखत होती. टेबलावर मोताळ्याचा बस्ता सकाळी सोडला तसाच उघडा पडला होता. वर्तमानपत्रं, वीट. त्यापलीकडे वरवट बकालचा. भगवंतराव खुर्चीवर बसले. हे असंच राहू द्यावं, त्यांनी मनात म्हटलं. उद्या ती माणसं येतील, वास येईल, विचारतील. रामरावांचं तोंड पाहण्यासारखं होईल. सगळं उघडं पडेल आणि एकदाचं धुतलं जाईल. या विचाराने त्यांना थोडा वेळ स्वच्छ वाटलं, आंघोळ केल्यासारखं. मग पुढचं दिसू लागलं. शालिग्रामची नोकरी जाईल. गाडी जाईल, डबे येतील. कागद पुसले जातील, पुठ्ठ्यांत बसतील, लाल कापडात बांधले जातील, त्यांच्याच हातांनी, आणि या सुंदर मांडणीवर रांगेने लागतील. बुधवार येईल, गाडी बस्ता न घेता जाईल, सही राहील. पुढच्या वर्षी मोताळ्याची दुसरी कोणी पोरगी बाकावर बसेल, किंवा तिचा बाप येऊन बसेल, आणि उठणार नाही. आपण तिला म्हणू, पाणी प्या, तेवढ्यात कागद येतो.

त्यांनी दिवा लावला नाही. उरलेल्या उजेडात त्यांनी वर्तमानपत्रांच्या घड्या कडेला कड लावून सरळ केल्या. वीट मधोमध ठेवली. ओठ घट्ट मिटून, नाकाने श्वास न घेता, वर पुठ्ठा ठेवला. दोरी भोकातून ओवायची होती. तिचं टोक दिवसभर उघडं राहून पिंजारलं होतं, धागे चारी दिशांना विस्कटले होते, आणि भोकात शिरत नव्हतं. त्यांनी ते बोटांनी वळलं. पुन्हा पिंजारलं. काचेच्या वाटीतला स्पंज पलीकडच्या टेबलावर होता, रंगरावाने तोही धुऊन, पिळून, कोरडा करून ठेवलेला. भगवंतराव त्याच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी दोरीचं टोक तोंडात घातलं, ओठांनी ओलं केलं, जिभेने वळलं. खारट लागलं, शालिग्रामच्या हाताचं, आणखी कोणाकोणाचं. टोक भोकातून सरळ आरपार गेलं. दोन वेढे, एक फास, टोक आत. त्यांनी बस्ता उचलून तागडीत घातला आणि काटा थांबेपर्यंत उभे राहिले. वजन बरोबर होतं.

तोंडातली ती चव थुंकून टाकायला ते दाराशी आले. बाक रिकामा होता. त्यांनी ती गिळली, आणि वरवट बकालचा बस्ता बांधायला आत वळले.